ब्रून म्हणजे कडक झालेला बन नव्हे

इराणी हॉटेलात जाऊन आलेल्या कित्येकांच्या फोटोखाली बन मस्क्याला ब्रून म्हटलेलं असतं आणि ब्रूनला, म्हणजे कडक सालीच्या पावाला, बन. चूक दाखवली की वर ऐकवतात, ‘पाव तो पावच, मस्का लावला की झालं.’ एवढ्यावर भागलं असतं तरी सोडून दिलं असतं. पण हल्लीच्या नव्या, टापटीप कॅफेंनी बन तव्यावर शेकून त्यालाच ‘ब्रून मस्का’ म्हणून विकायला सुरुवात केली आहे. म्हणजे घोळ आता रीतसर मेनूकार्डावर छापून येतो.

बनाबद्दल फार सांगायला नको. गोल, मऊ, किंचित गोड, वर तुकतुकीत, आत कधी मनुका तर कधी टुटीफ्रुटी. मधोमध कापायचा, मस्का चोपडायचा, हवा तर जॅम. पुण्यात डेक्कनवर १९३५ पासून उभ्या असलेल्या गुडलकमध्ये जो खाऊन पिढ्या वाढल्या, तो हाच. टुटीफ्रुटी असावी की नसावी यावर लोक भांडतात. खुशाल भांडोत. माझ्या मते नसावी.

खरी गोची ब्रूनची आहे.

ब्रून कडक असतो, एवढंच लोकांना माहीत असतं. मग डोकं सरळ चालतं: कडक म्हणजे शिळा, नाहीतर भाजलेला. दोन्ही चूक. ब्रूनचा कडकपणा पिठातच ठरलेला असतो. बनाच्या पिठात साखर असते, तूप किंवा डालडा असतो, बहुतेकदा दूधही. यांच्यामुळे साल मऊ राहते आणि आतला गर कापसासारखा होतो. ब्रूनच्या पिठात मैदा, पाणी, खमीर, मीठ. साखर-तूप असलंच तर नावापुरतं. असं रोडकं पीठ रणरणत्या भट्टीत गेलं की वरचा थर सुकून टणक होतो आणि आतला गर मऊ, जाळीदार राहतो.

हे एकदा कळलं की शेकलेल्या बनाची लबाडी लगेच पकडता येते. बन कापून तव्यावर टाकला की कापलेली आतली बाजू कुरकुरीत होते, बाहेरची पाठ मात्र मऊच राहते. ब्रूनमध्ये नेमकं उलटं, टणक बाहेरून आणि मऊ आतून. अंगठ्याने पाठ दाबून पाहा. दबून पुन्हा वर आली तर तो बन, मग मेनूत काहीही लिहिलेलं असो. करकर वाजून तडा गेला तर ब्रून. आणि खाऊन झाल्यावर टेबलावर, शर्टावर, शेजारच्याच्या वर्तमानपत्रावर चुरा सांडलेला नसेल, तर तुम्ही ब्रून खाल्लेलाच नाही.

शिळेपणाचं तर आणखीच मजेशीर आहे. ताजा ब्रून कडक असतो आणि शिळा होताना आधी नरम पडतो. गरातला ओलावा हळूहळू सालीत उतरतो, त्यात मुंबईची दमट हवा, त्यामुळे सकाळी कडाकड मोडणारा ब्रून संध्याकाळी चामड्यासारखा ताणावा लागतो. म्हणून ‘कडक आहे, शिळा दिलाय’ अशी तक्रार घेऊन गल्ल्यावर जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडे हॉटेलवाला ज्या नजरेने पाहतो, ती नजर अगदी योग्य आहे. तक्रार करायचीच तर ब्रून चिवट लागल्यावर करा. तो गरम करून आणून देतो म्हणून कोणी मायक्रोवेव्हकडे वळला, तर त्याला हाताला धरून थांबवा. साल आणखी रबरी होईल.

ब्रूनचा हा हट्टीपणा कशासाठी, ते चहात बुडवल्यावर कळतं. बन चहात गेला की दोन क्षणांत फुगतो, तुटतो आणि तळाशी जाऊन बसतो. मग चमच्याने गाळ उपसत बसायचं. ब्रूनचा गर चहा पितो, पण साल त्याला धरून ठेवते. वरचा मस्का अर्धा वितळतो, चहावर तेलकट चांदण्या तरंगतात आणि घास तोंडात जाईपर्यंत अखंड राहतो. चहा ‘पानी कम’ मागवावा, पातळ चहात यातलं काहीच जमत नाही. मस्का खारट हवा आणि जाड हवा. लसूण घातलेलं बटर लावून आणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बिल देऊन निघतो.

बाकी फरक किरकोळ. किंमत जवळपास सारखी, आकार दोघांचाही साधारण गोल. ब्रूनला कोणी कडक पाव म्हणतं, तेही चालेल. खिम्याबरोबर येतो तो लादी पाव, त्याला यात ओढू नका. गोव्याचा उंडो कडक सालीमुळे ब्रूनच्या जवळ जातो, पण तो पोर्तुगीजांकडून आला आणि पदेराच्या, म्हणजे तिथल्या पाववाल्याच्या, सायकलवरून दारात येतो. ती गोष्ट वेगळी. आणि हो, या हॉटेलांना ‘पारशी कॅफे’ म्हणणं थांबवा. पारशी इथे हजारेक वर्षांपासून आहेत. ही हॉटेलं काढली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस याझ्द, केरमान या भागांतून आलेल्या इराण्यांनी. धर्म बहुतेकांचा तोच, पण येण्याचा काळ निराळा.

ब्रूनसाठी मुंबईत जायचं तर सकाळी जा. फोर्टातली याझदानी बेकरी ब्रूनसाठीच ओळखली जाते. धोबीतलावला जेर महालमध्ये १९०४ पासूनची कयानी आहे. गोड खायची तलफ असेल तर ब्रूनवर साखर भुरभुरत बसू नका, काही ठिकाणी देतात तशी. सरळ मावा केक घ्या, ग्रँट रोडच्या मेरवानचं नाव त्यानेच झालं. संध्याकाळी गेलात तर मात्र बन मागवा. त्या वेळी बनच बरा असतो.