स्टिअरिंगवरचा लोगो ‘नुसता शोचा’ नसतो

साताऱ्यात पोवई नाक्यापासून हायवेच्या गॅरेजपर्यंत एक गोष्ट बिनदिक्कत सांगितली जाते: स्टिअरिंगवरचा लोगो म्हणजे नुसता शो. जुना उचकटा, खड्यांचा चकचकीत नवा चिकटवा, झालं.

झालं कसं? १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि लोगो असतो नेमका तिच्या झाकणावर. झाकणाला आतून बारीक खाच असते. जोराची धडक बसली की ते तिथंच फाटतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत एअरबॅग फुगते. कंपनीचा लोगो हे सगळं धरूनच पक्का बसवलेला असतो. वरून डबल टेपनं चिकटवलेला धातूचा लोगो मात्र सुटून थेट तोंडावर येऊ शकतो. अमेरिकेत अशाच प्रकारात एका चालकाच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्यानं २०२३ मध्ये तसा इशाराच काढला.

उलटी भीतीही खोटीच. लोगो फडक्यानं पुसला म्हणून एअरबॅग फुटत नाही. तिला सेन्सरचा सिग्नल लागतो. पण म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घालून झाकण उचकटायचा उद्योग घरी नको. लोगो फारच झिजला असेल तर सर्व्हिस सेंटरला कंपनीचाच पार्ट विचारा.