ज्वारीचा दाणा, माणसाचं पोट आणि दारातला कुत्रा

सोलापूर जिल्ह्यात वस्तीवरच्या कुत्र्याला काय घालता, असं कुणी विचारत नाही. ज्वारीची भाकरी. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराच्या कुत्र्यालाही तीच, जमलं तर ताकात कुस्करून. आता शहरातल्या सोसायट्यांत लॅब्रेडोर आले, पग आले, पिशवीतलं दाणेदार खाणं आलं आणि त्यासोबत नवे प्रश्न आले. कुत्र्याला भाकरी पचते का? अंडं कच्चं द्यावं की उकडून? त्याच घरांत माणसांच्या ताटातली ज्वारीही नव्यानं प्रतिष्ठित झाली आहे. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून ज्वारीत काय काय आहे याचे तक्ते मोबाईलवर फिरतात. दाण्यात जे आहे त्यातलं अंगी किती लागतं, हे मात्र त्या तक्त्यांत नसतं. तो हिशेब रांधणाऱ्याच्या हातात असतो आणि खाणाऱ्याच्या पोटावर ठरतो.

या हिशेबाच्या इतिहासात ज्वारी आणि कुत्रा फार आधीच एकत्र आलेले आहेत, आणि तेही दख्खनच्या पठारावर.

सुरुवात अमेरिकेत झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलपटायची, जुलाब लागायचे, पुढे भ्रम व्हायचा. हा संसर्ग नसून खाण्यातली उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं. त्याच काळात तिथल्या कुत्र्यांना एक आजार होत असे, त्यात जीभ आणि तोंड काळं पडायचं. त्याचं कारण आणि पेलाग्राचं कारण एकच असल्याचं गोल्डबर्गर यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी नियासिन हे बी गटातलं जीवनसत्त्व देऊन काळ्या जिभेचे कुत्रे बरे केले आणि लगेच माणसांनाही तेच औषध लागू पडलं. मेक्सिकोत मात्र पिढ्यान् पिढ्या मका खाऊनही हा रोग असा पसरला नव्हता. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात आणि त्यानं दाण्यात जखडलेलं नियासिन सुटं होतं. मका अमेरिकेत गेला, चुना मागे राहिला. रांधण्यातली एक पायरी गळली तर किती माणसं आजारी पडतात, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडे पेलाग्रा दिसला तो मका नव्हे, ज्वारी खाणाऱ्यांत. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये दख्खनच्या पठारावरच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्राबद्दल लिहिलं. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन नावाचा घटक फार आहे आणि तो नियासिनचं गणित बिघडवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे 1965 मध्ये त्याच संस्थेत कुत्र्यांना ज्वारीवर ठेवून पाहिलं, तर त्यांच्या जिभा काळ्या पडल्या. ल्युसिनचा सिद्धांत नंतर सगळ्यांनी मान्य केला नाही. पण ज्वारी आणि जवळजवळ ज्वारीच, एवढ्यावर माणूस किंवा कुत्रा नीट जगत नाही, ही गोष्ट तेव्हाच पक्की झाली.

हे वाचून ज्वारीला दोष देऊ नये. दोष निव्वळ कोरड्या भाकरीवर दिवस काढायला लावणाऱ्या गरिबीचा होता. मला यात सगळ्यात लोभस वाटते ती आपली शेंगा चटणी. शेंगदाण्यात नियासिन भरपूर असतं, 100 ग्रॅममध्ये साधारण 12 मिलिग्रॅम. ज्वारीची जी उणीव, नेमकी तीच चटणी भरून काढते. लायसिन, प्रथिनातलाच आणखी एक घटक, मात्र ज्वारीतही कमी आणि शेंगदाण्यातही. ते डाळीतून येतं, ताक-दह्यातून येतं. भाकरी, चटणी, वाटीभर आमटी, वर ताक, असं ताट कुणी प्रयोगशाळेत बसून लावलेलं नाही, पण ते पुरतं.

आणि नेमकी हीच चटणी कुत्र्याला चालत नाही, कारण तिच्यात लसूण असते. कांदा-लसणीतल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कांद्यानं कुत्र्यांना रक्तक्षय होतो हे 1930 मध्ये अमेरिकेत लिहिलं गेलं. लिहिणारे डब्ल्यू. एच. सेब्रेल पेलाग्रावर काम करणाऱ्यांपैकीच. म्हणजे कुत्र्याची काळी जीभ आणि कुत्र्याला कांद्याची बाधा, ही दोन्ही ज्ञानं एकाच वर्तुळातून आली. शिजवून कांद्या-लसणीचा हा दोष जात नाही. ताटात उरलेली आमटी भाकरीवर ओतून कुत्र्यापुढे ठेवायची आपली पद्धत मायेची आहे, पण इथे ती चुकते.

शिजवण्यानं पदार्थ पचायला सोपा होतो, हा आपला साधा अनुभव. बहुतेक वेळा तो खराही असतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 मध्ये माणसांवर मोजून पाहिलं. उकडलेल्या अंड्यातलं सुमारे 91 टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम 51 टक्के. तालमीत कच्ची अंडी फोडून पिणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन असतं, ते बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून ठेवतं आणि उष्णतेनं निकामी होतं. म्हणून कुत्र्यालाही अंडं उकडूनच द्यावं.

ज्वारी या नियमाला अपवाद निघाली. पेरूमध्ये कुपोषणातून सावरणाऱ्या मुलांना ज्वारीची पेज देऊन पाहिली, तेव्हा तिच्या प्रथिनातला 46 टक्केच भाग पचला. तांदूळ, मका, गहू यांत तो 66 ते 81 टक्के होता. 1981 च्या सुमारास यावर बरंच काम झालं. कच्च्या ज्वारीच्या पिठातलं प्रथिन पेप्सिन या जठरातल्या पाचकरसानं 78 ते 100 टक्के विरघळायचं, तेच पाण्यात शिजवल्यावर 45 ते 55 टक्क्यांवर यायचं. ज्वारीचं मुख्य प्रथिन काफिरिन. ओल्या उष्णतेत त्याच्या साखळ्या गंधकाच्या सांध्यांनी एकमेकींत गुंततात आणि पाचकरसाला आत शिरायला वाट राहत नाही. उंदरांवर तपासलं तर हा फरक दिसलाच नाही, त्यांना शिजवलेली ज्वारीही मजेत पचली. एका प्राण्याच्या पोटावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये, याचं हे चांगलं उदाहरण.

यावरचे उपायही जुनेच सापडले. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून मग शिजवतात. त्या पदार्थांतलं प्रथिन अधिक पचतं असं दिसलं. आपली आंबील याच जातीची. पीठ ताकात रात्रभर आंबवायचं आणि सकाळी शिजवायचं. आंबल्यानं लोह-जस्ताला धरून ठेवणारं फायटेटही कमी होतं. लहान मुलाला, आजारातून उठलेल्याला उन्हाळ्यात आंबील द्यायची रीत म्हणून मला फार मोलाची वाटते. हुरड्याचं वेगळं. डिसेंबर-जानेवारीत आगटीत भाजून तळहातावर चोळलेला तो दाणा अजून पुरता वाळलेला, कठीण झालेला नसतो.

भाकरीतही एक पायरी आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नाही, म्हणून पीठ कढत पाण्यात मळतात. त्यानं थोडा स्टार्च फुलतो आणि भाकरी थापता येते. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे थापताना धरून राहण्याचा गुण, जाते, मग कितीही मळा, भाकरी काठाला फाटते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि मालदांडीचं प्रसिद्ध एम 35-1 वाण मोहोळच्या केंद्रात निवडलं गेलं. पण तव्यावरची भाकरी शेवटी दळणाच्या ताजेपणावरच ठरते.

कुत्र्याचं तयार खाणं आलं ते टिकाऊ बिस्किटाच्या रूपात, आपल्या कडक भाकरीच्या भावकीतलं. जेम्स स्प्रॅट यांनी 1860 च्या सुमारास लंडनमध्ये ते विकायला काढलं. 1957 पासून अमेरिकेत वाफ आणि दाब वापरून फुलवलेले दाणे आले. त्या रीतीत स्टार्च चांगला शिजतो. गंमत अशी की याच पद्धतीनं, साल काढून फुलवलेली ज्वारी मुलांना दिली तेव्हा पचनाचा 46 चा आकडा 81 च्या आसपास गेला.

कुत्र्याला भाकरी पचते, शिजलेली असेल तर. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या शेतीजवळ राहून कुत्र्याचं पोट बदललं. तरी नुसती भाकरी त्याला पुरत नाही, हे हैदराबादच्या काळ्या जिभांनी सांगितलंच आहे. सोबत अंडं, दही, थोडं मांस हवं.

मांजराचं पोट मात्र तसं बदललेलं नाही. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य आयतं लागतं आणि ते मांसातच मिळतं. त्याच्या अभावी मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसमध्ये 1987 ला कळलं. ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून नियासिन बनवायचं कामही त्याला जमत नाही. म्हणून दूध-भाकरीवर मांजर ठेवणं हे त्याला उपाशी ठेवण्यासारखंच. मांस उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी फेकू नये, मांसाबरोबरच द्यावं. घरात मटण शिजत असेल तर मांजराची वाटी कांदा-लसूण पडायच्या आधीच बाजूला काढायची.