नदी गोठली तरी वीज चालूच असते

आमच्या फॅमिली ग्रुपवर उत्तर स्वीडनमधल्या लुले नदीचा फोटो आला, सगळी नदी पांढरी, गोठलेली. लगेच काकांचा प्रश्न, "मग हिवाळ्यात वीज बंदच पडत असेल ना?" नाही हो काका, उलट नदी नीट गोठली की तिथले इंजिनियर निवांत होतात!

ही नदी नॉर्वेच्या सीमेकडच्या डोंगरात उगम पावते आणि लुलिओ शहरापाशी समुद्राला मिळते. तिच्यावर १५ वीजकेंद्रं आहेत, त्यातलं हार्सप्रॉन्गेट तर आर्क्टिक वृत्ताच्याही वर, पाणी १०० मीटरहून जास्त खाली पडतं. बर्फ वितळतो उन्हाळ्यात आणि वीज जास्त लागते हिवाळ्यात, म्हणून नदीच्या वरच्या भागात सुओर्वा इथल्या धरणात साधारण २१० टीएमसीचा साठा केलाय, म्हणजे आपल्या कोयनेच्या दुप्पट.

आता खरी गंमत. संथ पाणी वरून गोठतं, बर्फ तरंगतो आणि खालच्या पाण्याला गोधडीसारखा झाकतो. पण खळाळतं पाणी वरखाली घुसळत राहतं, त्यामुळे थरच बसत नाही आणि सगळंच पाणी शून्याच्या किंचित, अंशाच्या काही शतांश भाग, खाली जातं तरी पाणीच राहतं. मग त्यात बारीक चकत्यांसारखे स्फटिक तयार होतात, पॉट आइस्क्रीम फिरवताना कसं रवाळ होतं, तसंच. हे स्फटिक भयंकर चिकट, वीजकेंद्राकडे पाणी नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी कचरा अडवायला लोखंडी जाळी असते तिच्या गजांना धरतात, एकावर एक बसत जातात आणि काही तासांत जाळी चोंदते. टर्बाइनला पाणीच नाही!

उपाय काय, तर थंडी सुरू होताना मुद्दाम कमी पाणी सोडायचं, वेग पडला की वर अखंड बर्फ धरतो, मग हळूहळू त्याच्याखालून पाणी वाढवायचं. एकदा झाकण बसलं की हवेची थंडी आत पोचत नाही, चकत्या बंद.

(याच ग्रुपवर 'वीज काढून घेतलेलं पाणी पिकाला निकस असतं' हेही फिरतं. अहो पाण्यातून काही काढत नाहीत, फक्त पडण्याचा जोर वापरतात.)

पण हे झाकण सगळ्यांच्या सोयीचं नाही. तिथले मूळ रहिवासी, सामी लोक, रेनडियरचे कळप हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून नेतात. सुओर्वाच्या जलाशयाची पातळी वर्षात ३० मीटरपर्यंत वरखाली होते, खालचं पाणी उतरलं की वरचा बर्फ अधांतरी राहतो, तडकतो, आणि वरून पाहिलं तर काहीच कळत नाही.