माफी रोखीत, बंदोबस्त उधारीवर

अमेरिकेत बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर करून घेण्याची भाषा कुणी केली, की विरोधकांच्या तोंडून पहिला शब्द येतो तो ‘अ‍ॅम्नेस्टी’, म्हणजे माफी. आज तो जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. पण १९८४च्या निवडणुकीत खुद्द राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल यांच्यासमोरच्या जाहीर चर्चेत अशी माफी आपल्याला मान्य असल्याचं सांगितलं होतं. दोन वर्षांनी त्यांनी ती दिलीही.

मूळ त्याही मागे जातं. दुसऱ्या महायुद्धात मळ्यांवर हात कमी पडले, म्हणून १९४२पासून करार करून मेक्सिकोतून मजूर आणले जाऊ लागले. ही ‘ब्रासेरो’ योजना १९६४पर्यंत चालली. मधल्या काळात, १९५२च्या कायद्याने बेकायदा आलेल्याला आसरा देणं गुन्हा ठरवलं. पण त्याला कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे, अशी सोयही त्यातच करून ठेवली. तिला ‘टेक्सास प्रोव्हायझो’ म्हणतात. टेक्सासच्या मळेमालकांच्या सोयीची ही तरतूद होती, हे नावच सांगतं. योजना बंद झाली. पुढे १९६५च्या कायद्यामुळे पश्चिम गोलार्धातून कायमचं येणाऱ्यांवर प्रथमच संख्येची मर्यादा आली आणि १९७६मध्ये मेक्सिकोच्या वाट्याला इतर देशांइतकेच, वर्षाला २०,००० व्हिसा राहिले. मळे तेच, मजूर तेच, वाटही तीच. फक्त हातातला कागद गेला.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी रेगन यांनी सही केलेला कायदा हा सौदा होता. १ जानेवारी १९८२पूर्वीपासून सलग राहणाऱ्यांना माफी, शेतमजुरांना वेगळी सवलत आणि बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना प्रथमच दंड. सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. माफी रोखीत मिळाली, बंदोबस्त मात्र उधारीवर राहिला.

तो का राहिला, हे ‘आय-९’ या फॉर्मवरून कळतं. नव्या कामगाराने ओळखीची आणि काम करण्याच्या परवानगीची कागदपत्रं दाखवायची आणि मालकाने ती पाहून फॉर्मवर सही करायची. कागद वरवर खरा वाटला की मालक सुटला. उलट ठरावीक कागदांपेक्षा जास्त मागितले, तर भेदभावाचा ठपका यायचा. बनावट कार्डांचा धंदा न फोफावता तरच नवल! शेतमजुरांच्या सवलतीला तर वर्षभरात ९० दिवसांचं काम पुरेसं होतं. त्यासाठी मुकादमाचं पत्रही चालायचं. त्यामुळे अंदाजापेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले.

१९९०मध्ये बेकायदा राहणारे सुमारे ३५ लाख होते, २००७पर्यंत ते १ कोटी २० लाखांच्या आसपास गेले. माफीने माणसं ओढली, असं विरोधक म्हणतात ते या आकड्यांच्या जोरावर. मला हे अर्धंच पटतं. मजुरांची मागणी वाढत होती आणि त्यांना कायदेशीर येण्याचा पुरेसा रस्ता १९८६नेही दिला नाही. सीमेवर पहारा कडक झाल्यावर हंगाम संपला की घरी परतणारेही परत येण्याच्या धास्तीने तिथेच राहिले. पण माफी म्हणजे रांगेत उभे असलेल्यांवर अन्याय, हा आक्षेप सहज झटकता येत नाही. नियम पाळून ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं थांबलेल्यांत भारतीय इंजिनिअरांची संख्या मोठी आहे, तेव्हा हे वेगळं समजावून सांगायला नको.

नंतरचे प्रयत्न या सावलीतच अडकले. २००७चं विधेयक सिनेटमध्ये ६० मतं हवी असताना ४६वर थांबलं. २०१३मध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालेलं विधेयक प्रतिनिधिगृहाने चर्चेलाच घेतलं नाही. लहानपणी आणलेल्या मुलांसाठी ओबामांनी २०१२मध्ये ‘डाका’ (DACA) ही योजना आणली, पण ती फक्त हद्दपारीला दिलेली स्थगिती. नागरिकत्वाचा रस्ता तिच्यात नाही.

गंमत म्हणजे माफीची एक जुनी, गाजावाजा नसलेली वाट १९२९पासून कायद्यातच आहे. ठरावीक तारखेआधीपासून राहणाऱ्याला, बाकी अटी पुऱ्या केल्या तर, कायम वास्तव्य मागता येतं. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ती तारीख अधूनमधून पुढे सरकवायची. १९८६मध्ये ती १ जानेवारी १९७२ केली, त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही.