औद्योगिक भूदृश्यांचे छायाचित्रण (गोवा)

खाणी, बंदरे, धरणे, कारखान्यांचे गाळतलाव अशा माणसाने उलथून टाकलेल्या भूभागांचे, भिंतभर मोठ्या मुद्रितांसाठी केलेले छायाचित्रण. यात बातमीतला क्षण नसतो, पसारा असतो. म्हणून उंच जागा, तिपाई आणि बारीकसारीक तपशील टिपणारा मोठ्या फिल्मचा कॅमेरा, अलीकडे ड्रोन. अमेरिकेत रॉचेस्टर येथे १९७५ साली भरलेल्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ प्रदर्शनाने या दृष्टीला नाव मिळवून दिले. कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की (जन्म १९५५) यांनी १९९६ मध्ये सडबरी येथे टिपलेला भडक नारिंगी ओहोळ प्रसिद्ध आहे. तो रंग निकेलच्या टाकाऊ गाळातील लोह गंजल्याचा.

गोव्यात हा विषय डिचोली, सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे तालुक्यांतील लोहखाणींभोवती फिरतो. टनभर खनिजासाठी साधारण अडीच-तीन टन माती उपसावी लागते, त्यामुळे खंदकाशेजारी डंप, म्हणजे उपसलेल्या मातीचा ढीग, हा आलाच. काठावरून पाहिले तर तळाचा टिपर काड्यापेटीएवढा दिसतो. त्याला चौकटीत ठेवायचे, नाहीतर खाणीच्या भिंतीत कापलेल्या पायऱ्या वीस फुटांच्या की दोनशे, काही कळत नाही.

रंगाची गोष्ट इथे अवघड. जांभा मुळातच तांबडा, तेव्हा तांबडे दिसले म्हणजे खाण असे नाही. उलट जुन्या डंपांवर ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्याने नवख्याला तो डोंगरच वाटतो. ओळखायचे ते सपाट माथ्यावरून आणि मोजून कापल्यासारख्या उतारांवरून. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असते, पण हिरवळ सगळे झाकते. उन्हाळ्यात माती उघडी पडते, तर धूळ आडवी येते.

सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबले. मग चित्रही बदलले. खनिजाने भरलेल्या, मांडवी-जुवारी नद्यांतून मुरगाव बंदराकडे निघालेल्या बार्जऐवजी (सपाट तळाच्या मालवाहू नौकांऐवजी) पाण्याने भरलेले, हिरवट, निश्चल खंदक कॅमेऱ्यासमोर आले. ते वरून इतके देखणे दिसतात की पर्यटनाच्या जाहिरातीत खपून जातील. असे छायाचित्रण उद्ध्वस्त जमीन देखणी करून दाखवते, हाच या प्रकारावरचा जुना आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही.

भातखाचरात उतरलेली खाणमाती या उंचीवरून दिसत नाही. वाळल्यावर तिचा कडक पापुद्रा धरतो, भेगा पडतात. तो टिपायचा तर तिपाई खांद्यावर टाकून बांधावर उतरावे लागते.