सिमेंट वाळत नाही

बांधकामाच्या जागी ‘सिमेंट अजून ओले आहे, वाळू द्या’ असे सर्रास म्हटले जाते. गिलाव्याचा गडद राखाडी रंग फिकट होत जातो, हाताला तो टणक लागू लागतो आणि पाणी उडून गेल्यामुळेच सिमेंट घट्ट झाले असा समज पक्का होतो. पण तसे असते, तर त्याच स्लॅबवर पुढे कित्येक दिवस पाणी का मारले असते? सिमेंटवर संशोधन करणारा विद्यार्थी तर साच्यातून काढलेले काँक्रीटचे घन दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या टाकीत पूर्ण बुडवून ठेवतो आणि २८व्या दिवशी बाहेर काढून यंत्राखाली दाबून फोडतो. मधल्या काळात ते पाण्याबाहेर येत नाहीत आणि त्यांची ताकद मात्र वाढतच जाते. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून दगड बनते. वाळण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

ही गोष्ट नीट समजली, की स्वच्छ तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी काही जण सौरघट आणि बॅटऱ्या सोडून मातीसारख्या विषयामागे का लागतात, तेही समजते.

जगात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते आणि माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. भट्टीत कोळसा जळतो म्हणून हा वायू निघतो आणि भट्टी स्वच्छ विजेवर चालवली की प्रश्न मिटेल, असे अनेकांना वाटते. शाळेतले एक समीकरण हा समज खोडून काढते. चुनखडी तापवली की तिचा कळीचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो; १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीमागे ५६ ग्रॅम चुना उरतो आणि ४४ ग्रॅम वायू हवेत जातो. चुनखडी आणि माती १४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजून जे काळपट गोळे मिळतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. ते थोड्या जिप्समबरोबर दळले की नेहमीचे पोर्टलंड सिमेंट तयार होते. एक टन क्लिंकरमागे सुमारे ८०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातला ५०० किलोंहून अधिक भाग इंधनातून न येता थेट दगडातून येतो. भट्टीखाली कोणतीही ऊर्जा वापरली, तरी दगडात बंदिस्त असलेला हा कार्बन सुटणारच. म्हणून खरा प्रश्न असा आहे, की क्लिंकर कमी वापरून तितकाच मजबूत दगड कसा बनवायचा.

क्लिंकरमधील मुख्य खनिज ट्रायकॅल्शियम सिलिकेट आहे आणि सिमेंटची ताकद प्रामुख्याने त्याच्यामुळे येते, हे आँरी ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडले. रासायनिक समतोलाच्या नियमामुळे महाविद्यालयात ज्यांचे नाव आपण पाठ करतो, तेच हे ल शातलिए. हे खनिज पाण्यात विरघळते आणि त्यातून दोन पदार्थ बाहेर पडतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. त्याच्या अतिसूक्ष्म, अनियमित थरांचे जाळे कणाकणांमध्ये भरत जाते आणि सगळे घट्ट बांधून ठेवते. दुसरा विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, जो षट्कोनी पापुद्र्यांच्या रूपात जमतो. काँक्रीटमधल्या सळईला गंज लागू नये म्हणून आवश्यक असलेली अल्कधर्मी स्थिती तो राखतो, पण ताकदीत त्याची भर फारशी नसते.

या चुन्याला कामाला लावण्याची युक्ती जुनी आहे. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत, आणि चुन्याच्या जुन्या बांधकामात घातली जाणारी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, हेच काम करते. राखेतले किंवा सुरखीतले सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि आणखी बांधणारा पदार्थ तयार होतो. आज याच कारणासाठी औष्णिक वीजकेंद्रांची राख आणि लोखंडाच्या भट्ट्यांमधील स्लॅग सिमेंटमध्ये मिसळतात. मात्र कोळशाची केंद्रे बंद होत जातील आणि भंगारातून पोलाद अधिकाधिक बनू लागेल, तसा या दोन्हींचा पुरवठा आटणार आहे. माती मात्र भरपूर आहे.

मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो हा, की माती भाजल्यावर तिच्या आत नेमके काय घडते. केओलिनाइट हे मातीतले खनिज एकावर एक रचलेल्या पत्र्यांसारखे असते. प्रत्येक पत्र्यात एक पदर सिलिकॉन व ऑक्सिजनचा आणि त्याला चिकटलेला दुसरा पदर अ‍ॅल्युमिनियमचा असतो. या दुसऱ्या पदरात प्रत्येक अ‍ॅल्युमिनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात आणि त्यांपैकी काहींना हायड्रोजन जोडलेला असतो. ही रचना इतकी स्थिर असते, की कच्ची माती चुन्याला जवळजवळ दाद देत नाही. ती ७०० ते ८५० अंशांपर्यंत तापवली, की जोडलेले हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपाने निघून जातात. १०० ग्रॅम शुद्ध केओलिनाइटमागे सुमारे १४ ग्रॅम पाणी जाते. मागे राहिलेल्या अ‍ॅल्युमिनियमभोवती आता सहा ऑक्सिजन राहत नाहीत. काही अणूंभोवती पाच उरतात, काहींभोवती चार. एनएमआर या, अणूभोवतीची रचना ओळखणाऱ्या चुंबकीय तपासणीच्या आलेखावर सहा ऑक्सिजनवाल्या अ‍ॅल्युमिनियमचे एकच शिखर होते, तिथे तीन वेगवेगळी शिखरे दिसू लागतात. पाच ऑक्सिजनची स्थिती अवघडलेली असते; असा अणू पाण्यात विरघळायला आणि चुन्याशी नवे बंध जोडायला सहज तयार होतो. स्फटिकातली शिस्त मोडलेल्या या पदार्थाला मेटाकेओलिन म्हणतात. भट्टी साडेनऊशे अंशांच्या पुढे गेली, तर अणू पुन्हा नव्या स्फटिकात बसतात आणि ही सगळी क्रियाशीलता नाहीशी होते. कमी भाजलेली माती निरुपयोगी, जास्त भाजलेलीही निरुपयोगी. मधल्या दीड-दोनशे अंशांच्या पट्ट्यात काम साधावे लागते. शिवाय मातीत कार्बोनेट नसल्यामुळे भाजताना तिच्यातून मुख्यतः वाफच निघते.

२०१२ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठात केरेन स्क्रिव्हनर यांच्या प्रयोगशाळेतील एका पीएच.डी. विद्यार्थ्याने क्यूबातील संशोधक फर्नांडो मार्टिरेना यांच्यासह या मातीबरोबर न भाजलेली, नुसती दळलेली चुनखडी वापरून पाहिली. सिमेंटचा ४५ टक्के भाग काढून त्या जागी ३० टक्के मेटाकेओलिन आणि १५ टक्के चुनखडी घातली, तरी सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीची ताकद शुद्ध पोर्टलंड सिमेंटपेक्षा जास्त भरली. चुनखडी एरवी नुसती भर म्हणून पडून राहते. इथे मेटाकेओलिनमधून सुटलेला अ‍ॅल्युमिना, विरलेला चुना आणि चुनखडीतील कार्बोनेट एकत्र येऊन कार्बोअ‍ॅल्युमिनेट नावाचे स्फटिक बनतात आणि ते छिद्रांमध्ये वाढून ती बुजवतात. पुढच्या अभ्यासांतून असे दिसले, की शुद्ध पांढरी चिनी माती लागत नाही. सुमारे ४० टक्के केओलिनाइट असलेली साधी माती पुरते. या सिमेंटला एलसी-थ्री, म्हणजे चुनखडी आणि भाजलेल्या मातीचे सिमेंट, म्हणतात, आणि त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते.

विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष काम मात्र ग्रॅम-दोन ग्रॅममध्ये चालते. दोन दिवसांचा किंवा सात दिवसांचा सिमेंटचा तुकडा तो कुटतो, आयसोप्रोपॅनॉल या अल्कोहोलमध्ये बुडवून त्यातली क्रिया थांबवतो आणि पूड एका लहानशा मुशीत घालून हळूहळू तापवतो. तराजू वजनाची नोंद घेत राहतो. साडेचारशे अंशांच्या आसपास आलेखाला एक पायरी पडते. ती विरलेल्या चुन्यातून निघालेल्या पाण्याची. साध्या सिमेंटमध्ये ही पायरी उंच असते. माती घातलेल्या सिमेंटमध्ये ती दर आठवड्याला खुजी होत जाते, आणि चुना खरोखर खर्च होतो आहे हे डोळ्यांना दिसते. शेजारच्या उष्णतामापकात जिप्समचे प्रमाण ठरवण्याचे काम चालू असते. ते कमी पडले, तर क्लिंकरमधल्या अ‍ॅल्युमिनेट या दुसऱ्या खनिजाची क्रिया वेळेआधी उसळते आणि सिलिकेटच्या क्रियेला अडसर होतो. मातीचे पत्र्यासारखे कण पाणी अधिक मागतात, त्यामुळे मिश्रण घट्ट होते. मातीत लोह असेल तर सिमेंट तांबूस दिसते आणि ते हलक्या प्रतीचे असावे असा संशय घेतला जातो, पण रंगाचा ताकदीशी काही संबंध नाही.

‘कार्बन खाणारे काँक्रीट’ अशा जाहिराती हल्ली वारंवार दिसतात, त्यांविषयी इथे स्पष्ट बोलले पाहिजे. काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते हे खरे आहे. मात्र ही क्रिया संथ असते, भट्टीतून गेलेल्या वायूचा काही अंशच त्यातून परत येतो, आणि ती सळईपर्यंत पोहोचली तर आतली अल्कधर्मी स्थिती जाऊन पोलाद गंजू लागते. जो गुण म्हणून विकला जातो, तोच सळई घातलेल्या बांधकामात धोका ठरतो. आकडे न देता केलेला असा कोणताही दावा स्वीकारू नये.

हाच धोका एलसी-थ्रीलाही लागू आहे, कारण त्यात चुना आधीच खर्च झालेला असतो आणि हवेतला वायू अडवायला तो कमी उरतो. समुद्राकाठच्या क्षारांना हे सिमेंट साध्या सिमेंटपेक्षा कितीतरी चांगले अडवते, पण कार्बन डायऑक्साइडपुढे किती वर्षे टिकेल, हे सावकाश मोजावे लागते आणि पीएच.डी.च्या चार-पाच वर्षांत ते मोजून संपत नाही. म्हणून ठोकळे बाहेर उघड्यावर मांडून ठेवलेले असतात. ठरलेल्या दिवशी विद्यार्थी त्यांतला एक फोडतो आणि ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतो. आतला अल्कधर्मी भाग गुलाबी होतो, कडेची पट्टी रंगहीन राहते. त्या पट्टीची खोली तो मिलिमीटरमध्ये मोजतो आणि आधीच्या विद्यार्थ्याने आखून ठेवलेल्या तक्त्यात पुढच्या ओळीवर लिहितो.