विम्बल्डनच्या समान बक्षिसांआधीची पन्नास वर्षे

विम्बल्डनमध्ये पुरुष आणि महिला विजेत्यांना बक्षिसाची रक्कम पहिल्यांदा सारखी मिळाली ती २००७ साली, प्रत्येकी ७ लाख पौंड. महिलांचा तो पहिला धनादेश व्हीनस विल्यम्सने घेतला. बरोबर ५० वर्षांपूर्वी, १९५७मध्ये, त्याच मैदानावर राणी एलिझाबेथकडून आल्थिया गिब्सनने चषक स्वीकारला होता. विम्बल्डन एकेरी जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. बक्षिसाची रक्कम शून्य, कारण तेव्हा टेनिस हौशी खेळाडूंचं होतं.

गिब्सन न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढली. कृष्णवर्णीयांच्या अमेरिकन टेनिस असोसिएशनचं महिला एकेरीचं विजेतेपद तिने १९४७पासून सलग दहा वर्षं राखलं. तरी १९५०पर्यंत न्यूयॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्सच्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे आजच्या अमेरिकन ओपनमध्ये, तिला प्रवेश नव्हता. मनाईचा लेखी नियम कुठेच नव्हता, आणि खरी मेख तिथेच होती. आधी मोठ्या ग्रासकोर्ट स्पर्धांत चमक दाखवा, असं सांगितलं जाई. त्या स्पर्धा भरत गोऱ्यांच्या क्लबांत, निमंत्रणावर. म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. जुलै १९५०मध्ये माजी विजेती ॲलिस मार्बल हिने, स्वतः गोरी असून, एका टेनिस मासिकात या ढोंगावर जाहीर कोरडे ओढले. त्याच ऑगस्टमध्ये गिब्सन फॉरेस्ट हिल्सवर उतरली. दुसऱ्या फेरीत लुईज ब्राऊविरुद्ध निर्णायक सेटमध्ये ती ७-६ पुढे असताना वादळ आलं. दुसऱ्या दिवशी सामना ७-९ असा निसटला.

पैसा आला १९६८मध्ये, स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्यावर. विम्बल्डनने पुरुष विजेता रॉड लेव्हरला २,००० पौंड दिले, महिला विजेती बिली जीन किंगला ७५०. १९७०मध्ये किंगसह नऊ जणींनी एकेका डॉलरचा करार करून ह्यूस्टनमध्ये महिलांच्या स्पर्धेची वेगळी चूल मांडली. अमेरिकन ओपनने १९७३मध्ये रकमा सारख्या केल्या. विम्बल्डन मात्र पुढची ३४ वर्षं अडून राहिलं. पुरुष पाच सेटचा सामना खेळतात, बायका तीनचा, हे नेहमीचं कारण. सेटवर मजुरी ठरत असती, तर सरळ तीन सेटमध्ये जिंकणाऱ्या पुरुषाचे पैसे कापायला हवे होते. ते कधी कुणी कापले नाहीत.

गिब्सन २००३मध्ये गेली. नव्वदच्या दशकात ती इतकी हलाखीत होती, की १९५६ची तिची विम्बल्डन दुहेरीतली जोडीदार, ब्रिटिश ज्यू खेळाडू अँजेला बक्स्टन, हिने टेनिसप्रेमींना हाक देऊन तिच्यासाठी पैसे जमवले.